पिवळी छटा

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

वाकसईच्या लग्नाचा अल्बम आज परत आला. नवरीची आई स्वतः घेऊन आली होती. माझ्या टेबलावर उघडून ठेवला आणि म्हणाली, "आमची पोरगी अशी दिसते का हो?"

नाही दिसत. अल्बममध्ये सगळेच चेहरे काळवंडलेले आणि पिवळट. कंदिलाच्या उजेडात लग्न लावल्यासारखे. तेच फोटो माझ्या मॉनिटरवर उघडून दाखवले, तर तिथे झकास. ती बाई एकदा मॉनिटरकडे बघायची, एकदा अल्बमकडे. शेवटी म्हणाली, "मग हा टीव्हीच द्या आम्हाला." मला हसूही येईना.

पुण्याच्या लॅबमध्ये निलेशदादांना फोन केला. आमचं सगळं छापायचं काम तेच बघतात. ते शांतपणे म्हणाले, "समीक्षाताई, मशीन बरोबर आहे. तुमचा मॉनिटर भलताच उजळ आहे आणि निळा मारतो. त्यावर बघून तुम्ही उजेड कमी करता, पिवळं वाढवता. मॉनिटरवर छान दिसतं. आम्ही फाईल जशी येते तशी छापतो."

म्हणजे स्टुडिओ काढल्यापासून मी एका चुकीच्या आरशात बघत होते. अल्बम परत छापून द्यायचं कबूल केलं. नवऱ्याला, प्रितमला, सांगितलं तर म्हणाला, "नवा मॉनिटर घे." त्याला हॉटेलच्या फ्रंट ऑफिसात बसून सगळ्या अडचणी खोली बदलून देण्याइतक्या सोप्या वाटतात.

५ जानेवारी, रविवार

दिवसभर मॉनिटरशी झटापट. ब्राइटनेस निम्म्यावर आणला. खराब झालेला प्रिंट खिडकीशी धरायचा आणि मॉनिटरवर तसंच दिसतंय का बघायचं. पण माझी स्टुडिओची खोली चिक्कीच्या दुकानाच्या वर. खालच्या लाल पाटीचा उजेड छतावर येतो, तो सकाळी वेगळा, दुपारी वेगळा. थोड्या वेळाने डोळे काहीही खरं मानायला लागतात.

शेवटी कॅलिब्रेटर मागवला. मॉनिटरच्या काचेवर लटकवायचं छोटं यंत्र असतं, ते रंग आणि उजेड मोजतं आणि मॉनिटर सुधारून देतं. यायला आठवडा लागेल. तोवर एक नियम ठरवला: अल्बममध्ये पिवळं जास्त झालं होतं, म्हणून आता प्रत्येक फोटोतून पिवळं काढायचं. दिसलं की काढायचं.

९ जानेवारी, गुरुवार

कुसगावला बाळाचा शूट. तान्ह्या बाळांचं हे काम मी दिवाळीपासून सुरू केलंय. टुरिस्टांच्या फोटोंपेक्षा यात जीव रमतो.

गोरख म्हणून ड्रायव्हर आहे, प्रितमच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना फिरवतो. त्याचं पहिलं बाळ. मुलगा, गेल्या रविवारी झाला. बायको तेजल कान्हे गावची, जेमतेम चोवीस-पंचवीसची असेल. डिलिव्हरी नॉर्मल, दुसऱ्या दिवशी घरी. घर स्वच्छ, ओसरीला छान उजेड. मी पांढरी चादर अंथरली, बाळाला मोहरी रंगाच्या कापडात गुंडाळलं.

इतकं शहाणं बाळ मी पाहिलं नाही. हात हनुवटीखाली ठेवला तर तसाच राहिला. कुशीवर वळवलं तरी हूं नाही की चूं नाही. एरवी अर्धा वेळ रडणं थांबवण्यात जातो. मी तेजलला म्हणाले, "नशीबवान आहेस, झोपाळू आहे." ती म्हणाली, "हो ना ताई, दुधालासुद्धा उठवावं लागतं."

तिच्या सासूबाई, सरुमावशी, उंबऱ्यात बसून बघत होत्या. मधेच म्हणाल्या, "समीक्षा, पोरगं पिवळं न्हाई का दिसत गं तुला?"

मी म्हणाले, "मावशी, ते कापडाचं आहे. मोहरी रंग अंगावर पडतो. फोटोत मी काढून टाकते."

"कापाडाचं व्हय," त्या म्हणाल्या.

निघताना तेजल हळूच म्हणाली, "ताई, जरा उजळ करा हां. यांच्यावर गेलाय."

१० जानेवारी, शुक्रवार

सकाळपासून बाळाचे फोटो घेऊन बसले. बापरे, किती पिवळं. माझा नियम किती बरोबर होता ते कळलं. कापडाचा रंग असेल, ओसरीच्या भिंतीचा असेल, नाहीतर मॉनिटरचा. पिवळं खाली, थोडा गुलाबी वर, उजेड किंचित जास्त. एका फोटोत बाळाने डोळे अर्धवट उघडलेत. डोळ्यांतलं पांढरंसुद्धा पिवळट आलं होतं. ते वेगळं, बारीक ब्रशने साफ केलं. त्यात बराच वेळ गेला, पण फोटो असा झालाय की बघत राहावं. कातडीचा इतका नितळ रंग मला आजवर जमला नव्हता.

दुपारी पाच फोटो तेजलला पाठवले. तासाभराने तिचा आवाजी मेसेज: "ताई, किती गोड. आई कालपासून पिवळं पिवळं म्हणून घोकत होत्या, म्हणून मी तुमच्यातला एक फोटो नणंदेला पाठवला. ती पुण्याला नर्स आहे. म्हणाली, छान गुलाबी आहे की. आज दाखवायला बोलावलं होतं डॉक्टरांनी, पण यांना आजपासून रविवारपर्यंतचं भाडं आहे. आता सोमवारीच जाऊ."

सरुमावशींचं समाधान झालं असेल. तो डोळे उघडलेला फोटो मी माझ्या स्टेटसला ठेवला. बऱ्याच जणींनी विचारलं, कुणाचं गं बाळ.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. भाकरी आणि मिसळीची भाजी करून स्टुडिओत आले तर कॅलिब्रेटर येऊन पडलेला. पडदा लावला, खालच्या पाटीचा उजेड बंद केला, यंत्र काचेवर टेकवलं. मॉनिटरवर एकेक रंग येत गेला. लाल, हिरवा, निळा, मग करडे. ते झाल्यावर 'आधी' आणि 'नंतर' दाखवतं. आधीचा बघून मला लाजच वाटली. ट्यूबलाइटसारखा निळा. नंतरचा आधी मळकट वाटला, पण थोड्या वेळाने तोच खरा वाटायला लागला.

वाकसईचा अल्बम नव्याने केला आणि एक नमुना छापायला पाठवला. उद्या तेजलला फोन करून प्रिंटचा आकार विचारते.

१४ जानेवारी, मंगळवार

तेजलचा फोन गोरखने उचलला. मी तिळगूळ घ्या म्हणाले. तो म्हणाला, "वहिनी, आम्ही तळेगावला हॉस्पिटलात आहोत. रविवारी बाळ दूधच ओढेना. मान टाकल्यासारखं करायला लागलं. कावीळ आहे. निळ्या लाइटखाली ठेवलंय. आकडा लय वर गेला होता, रक्त बदलायची तयारी करून ठेवली होती त्यांनी."



फोन ठेवून मूळ फाईल उघडली. एडिट न केलेली, कॅमेऱ्यातून आली तशी. मॉनिटर आता बरोबर आहे. चादर पांढरी आहे, अगदी पांढरी. भिंत पांढरी आहे. तेजलच्या हाताचा रंग तिच्या हातासारखा आहे. आणि मधे बाळ पिवळं आहे. कापड नसलेल्या फोटोतही पिवळं. पाय पिवळे, कपाळ पिवळं. डोळे तर बघवत नाहीत.

माझा मॉनिटर निळा मारत होता. निळ्या मॉनिटरवर पिवळं कमी दिसायला हवं. तरीही मला एवढं पिवळं दिसलं होतं. म्हणजे ते मॉनिटरचं असूच शकत नव्हतं. एवढा साधा विचार मी केला नाही. मी डोळे बारीक ब्रशने साफ करत बसले.

तिळगूळ कुणालाच दिला नाही.

१५ जानेवारी, बुधवार

स्टुडिओची भिंत रंगवली. मॉनिटरच्या मागची भिंत मध्यम करडी असावी, म्हणजे डोळा फसत नाही. रंगाच्या दुकानदाराने तीन छटा दाखवल्या, त्यातली निळसर नको म्हणून दोनदा बदलून आणली. दोन हात मारले. कडेला टेप लावली होती, ती सोलताना थोडा जुना रंग निघाला, तो परत भरला. खिडकीला जाड पडदा शिवायला टाकला. बल्बही बदलला.

संध्याकाळी प्रितम म्हणाला, "हॉस्पिटलात जाऊन येऊ या का? गोरख आपला माणूस आहे." मी म्हणाले, भिंत ओली आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

अनोळखी नंबर. "मी अनघा, गोरखची बहीण." पुण्याची नर्स.

आधी बाळाचं सांगितलं. आकडा उतरतोय, दूध ओढतंय. आईचा रक्तगट वेगळा, बाळाचा वेगळा, त्यामुळे झालं. मग म्हणाली, "एकच विचारायचं होतं. तेजलने मला पाठवला तो फोटो तुम्ही एडिट केलेला होता का?"

मी म्हणाले, "नेहमीचं करेक्शन असतं. लाइट वगैरे ॲडजस्ट करतो तेवढं."

"रंग नाही ना बदलला?"

"तसा खास नाही," मी म्हणाले.

मग म्हणाली, "म्हणजे मलाच दिसलं नाही. रोज बाळं बघते मी वॉर्डात. फोटोवर सांगायलाच नको होतं." आणि मला थँक्यू म्हणून फोन ठेवला.

थँक्यू म्हणाली.

हे खोटं नव्हतं असं मी दुपारपासून स्वतःला समजावतेय. लाइट ॲडजस्ट केलाच होता. 'खास' म्हणजे किती, हे तिने विचारलं नाही. शिवाय बाळ आता बरं होतंय. त्यांना आधीच कमी त्रास नाही, त्यात मी कशाला भर घालू. बाळ घरी आलं की निवांत सांगेन.

१९ जानेवारी, रविवार

प्रितम हॉटेलातून आला तो सांगत. गोरख आज कामावर आला होता, पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर फोनवर बहिणीला वाट्टेल ते बोलला. "तू नर्स कसली, तुझ्या भरवशावर माझं पोरगं मेलं असतं," असं. अनघाने हॉस्पिटलात यायचं थांबवलंय. सरुमावशी मधल्या मधे रडतायत.

प्रितम जेवायला बसता बसता म्हणाला, "चुकलंच ना तिचं. नर्स असून."

मी त्याला भाजी वाढत होते. हात थांबला. त्याला वाटलं मीठ विसरले.

मग सांगितलं सगळं. नियम, ब्रश, फोन. तो जेवायचा थांबला. मला वाटलं म्हणेल, तुझा काय दोष, तू काय डॉक्टर आहेस. तो तसं म्हणाला नाही. म्हणाला, "उद्या माझी सुट्टी घेतो. मी गाडी काढतो, आत तू एकटी जा."

२० जानेवारी, सोमवार

तळेगाव. लहान मुलांचा विभाग वरच्या मजल्यावर. काचेपलीकडे बाळ दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. त्या निळ्या उजेडात त्याचा रंग काही कळत नव्हता. मी किती वेळ रंगच शोधत होते.

तेजल बाहेर बाकड्यावर, शेजारी सरुमावशी. गोरख औषधं आणायला खाली गेलेला. मी येताना मूळ फोटो आणि मी केलेला फोटो, दोन्ही लॅपटॉपवर घेऊन आले होते. उभ्या उभ्याच म्हणाले, "तेजल, तू अनघाताईंना पाठवलास तो फोटो खरा नव्हता. बाळ पिवळं होतं. ते मी काढून टाकलं होतं. डोळ्यांतलंसुद्धा. आणि शुक्रवारी त्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांना नीट सांगितलं नाही."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. "काढून टाकलं म्हणजे?"

लॅपटॉप उघडून दाखवलं. तिने दोन्ही फोटो बघितले. सरुमावशी वाकून बघत होत्या. त्यांनी मूळ फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्ये बग. असंच दिसत व्हतं मला. मी म्हनलं तर तू म्हनलीस कापाडाचं हाय."

"हो मावशी."

"मला वाटलं शिकल्याली पोर हाय, कॅमेऱ्यातनं बगती, तिला जास्ती कळत आसंल." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी तवाच उचलून न्यायला पायजे व्हतं. माझीच बुद्दी ग्येली."

"तुमची नाही मावशी."

"आता तू नगं सांगू कुनाची त्ये."

तेजल फोटोकडेच बघत होती. एकदम म्हणाली, "मीच म्हणाले होते उजळ करा म्हणून." मी म्हणाले, तू सांगितलं नसतंस तरी मी पिवळं काढणारच होते. हे खरं आहे. तिला ते खरं वाटलं की समजूत घालते असं वाटलं, कोण जाणे.

मग तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "ताई, तुम्ही आता जा. हे यायच्या आत जा. पण आधी अनघाताईंना फोन करा. माझ्यासमोर करा."

केला. स्पीकरवर. सगळं बोलून झालं. मग अनघा म्हणाली, "शुक्रवारी का नाही बोललात?"

मी म्हणाले, "घाबरले."

"तीन रात्री मी स्वतःला काय काय म्हणत होते, तुम्हाला कल्पना नाही," ती म्हणाली आणि फोन कट केला.

खाली जिन्यात गोरख भेटला. हातात औषधांची पिशवी. हसून म्हणाला, "वहिनी, आलात होय. बरं वाटलं." मी मान डोलावली आणि त्याच्या बाजूने उतरून गेले.

२२ जानेवारी, बुधवार

गोरख स्टुडिओत आला. मी खुर्ची दिली, बसला नाही. करड्या भिंतीकडे बघत उभा राहिला.

"दाखवा," म्हणाला.

दोन्ही फोटो दाखवले. त्याला मूळचा पेनड्राइव्हवर हवा होता, डॉक्टरांना दाखवायला. देताना मी माफी मागायला लागले तर त्याने हात वर केला. "मला ते नको. मी अनघाला जे बोललो ते परत कसं घेऊ, ते सांगा. येत असेल तर सांगा."

मी पेनड्राइव्ह त्याच्या हातात ठेवला.

जाताना दारात थांबून म्हणाला, "स्टेटसला ठेवला होतात ना तुम्ही? आमच्या पाहुण्यांनी बघितला. सगळे म्हणत होते, काय तजेलदार आहे." आणि जिना उतरून गेला. त्या दिवशी त्या फोटोवर किती खूश होते मी, ते मला आठवलं आणि तो पहिल्यांदाच मुळातून डिलीट करावासा वाटला. केला नाही. तो मला दिसत राहायला हवा.

२५ जानेवारी, शनिवार

बाळ घरी आलं. प्रितमने हॉटेलात ऐकलं. डॉक्टरांना फोटो दाखवला तर ते गोरखला म्हणाले, आम्ही फोटोवर जात नाही, रक्त तपासतो. बाळाला प्रत्यक्ष उजेडात बघायचं, शंका आली की आणायचं. पुढच्या वेळी तारीख चुकवू नका. एवढंच.

पण निघताना कानाची तपासणी झाली. कावीळ मेंदूपर्यंत चढली तर आधी कान धरते म्हणे. डावा कान ठीक. उजव्याचं उत्तर नीट आलं नाही. कदाचित बाळ हललं असेल, कदाचित नसेल. तीन महिन्यांनी परत.

म्हणजे एप्रिलपर्यंत कळणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज कुसगावला बारसं होतं. आम्हाला बोलावणं नव्हतं. प्रितमला एकट्याला होतं, तो गेला नाही. मी म्हणाले जा. तर म्हणाला, "दोघांना बोलावतील तेव्हा जाऊ."

वाकसईचा अल्बम नवा छापून आला. प्रिंट आणि मॉनिटर शेजारी शेजारी धरले, तंतोतंत. निलेशदादांनी फोन करून कौतुक केलं. नवरीची आई खूश होऊन गेली. मला हेच हवं होतं जानेवारीत. आता अल्बम चाळताना नवरीच्या मामेबहिणीच्या गालावर पांढरट डाग दिसला, मी तो साफ केलेला नाही हे बघून बरं वाटलं, आणि मग वाटलं, हा डाग कशाचा असेल, कुणी विचारलंय का तिला.

तान्ह्या बाळांचं काम बंद केलंय. कामशेतच्या दोघीजणींना नाही म्हटलं. प्रितम म्हणतो, हा वेडेपणा आहे, आता तर तू जास्त नीट करशील. त्याचं बरोबर असेल. पण बाळाचा फोटो उघडला की मी रंग बघत नाही, आजार शोधते. असं शोधणाऱ्या बाईला कुणी घरात का घ्यावं?

१८ मार्च, मंगळवार

बाजारात अनघा दिसली. मी तिला फोटोतच पाहिलं होतं, तरी ओळखलं. सरुमावशींबरोबर भाजी घेत होती, दोघी हसत होत्या. म्हणजे ती घरी यायला लागली. मी केळीवाल्याच्या गाडीमागे थांबले. तिने बघितलं असावं, कारण जाताना गाडीच्या त्या बाजूने न येता वळसा घालून गेली.

१० एप्रिल, गुरुवार

काल तेजलचा फोन. जानेवारीनंतर पहिला. "ताई, उद्या कानाची तपासणी आहे. हे महाबळेश्वरला गेलेत पाहुणे घेऊन, आईंचे गुडघे धरलेत. तुम्ही या."

मी म्हणाले, प्रितमला गाडी काढायला सांगते.

"गाडी आहे. भाऊजी सोडणारेत. तुम्ही या. तुम्हीपण तिथे असायला पाहिजे."

गेले. बाळाचं नाव अद्वैत ठेवलंय, हे मला आज कळलं. तपासणीसाठी त्याला झोपलेलं लागतं आणि तो झोपेना. तेजल खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती, मी मागे मागे दुपटं घेऊन. शेवटी तो झोपला. कपाळाला आणि कानामागे चिकट पट्ट्या लावल्या, कानात बारीक नळी. मशीनवर रेषा हलत राहिल्या. त्या कशाच्या, कोणती चांगली, कोणती वाईट, काही कळत नव्हतं. मी सवयीने उजेड, रंग बघत बसले. हिरव्या रेषा, काळा पडदा.

मॅडमनी दोन्ही कान तपासले. उजवा दोनदा. मग म्हणाल्या, "दोन्ही ठीक आहेत. मागच्या वेळी हलला असेल."

तेजलने त्यांना परत विचारलं. त्यांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

बाहेर बाकड्यावर येऊन बसलो. बाळ जागं झालेलं. तेजल समोर बघत म्हणाली, "खरं सांगू ताई? तुम्हाला कशाला आणलं? उजवा कान गेलाय म्हणाल्या असत्या, तर तोंडावर बोलायला माणूस पाहिजे होतं मला."

"कळलं होतं मला," मी म्हणाले. कळलं नव्हतं. मला वाटलं होतं तिला सोबत हवी आहे.

"आता काय बोलू?"

"जे बोलणार होतीस ते बोल."

ती बोलली. आवाज न चढवता, बाळाची टोपी नीट करत करत. तिने रविवारी पहाटे त्याचे ओठ कसे ओले केले. गोरख हायवेने किती जोरात गाडी आणत होता. निळ्या दिव्याखाली त्याला हात लावायचा नाही म्हणून तिने काचेला कसा हात लावून ठेवला होता. अनघाताई अजून भावाच्या हातचा चहा घेत नाहीत. अजूनही रोज सकाळी ती बाळाला ओसरीत नेऊन डोळ्यांची पापणी वर करून बघते आणि ती सवय जात नाही. "कान बरे निघाले तरी राग जात नाही माझा," ती म्हणाली. "मला वाटलं होतं जाईल."

"जाऊ देऊ नकोस," मी म्हणाले.

मग ती उठली, बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "धर. पाणी पिऊन येते."

मी त्याला धरलं. जड झालाय आता. माझ्या ओढणीचं टोक मुठीत घेऊन तोंडात घातलं. मग माझी मांडी गरम झाली, ओली झाली. मी तशीच बसून राहिले, हलले तर तो रडेल म्हणून.

तेजल लवकर येईना. मला वाटलं कुठेतरी कोपऱ्यात रडत असेल. बाळाला घेऊन खिडकीच्या काचेपर्यंत गेले आणि खाली बघितलं. कॅन्टीनच्या बाहेर ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, आमच्याकडे पाठ करून, एका हातात चहा, दुसऱ्या हातात वडा. निवांत खात होती.